वही कोणाच्या हातात?



कौटुंबिक पानावरच्या या सदराकडे आजवर हुंड्याची पत्रे आली, सासू-सुनेची आली, मुलाला डीएडला घालावे की बीएससीला, अशीही आली. या आठवड्यातले पत्र मात्र निराळे आहे. जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात जांब समर्थ नावाचे गाव आहे. समर्थ रामदासांचे जन्मगाव म्हणून ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. तेथील आपल्या वस्तीतल्या एका मुलीने चार पाने भरून लिहिले आहे. नाव छापू नका म्हणते, म्हणून छापत नाही.

मुलगी संगणक शाखेची इंजिनिअर आहे. पुण्यात एका कंपनीत तीन वर्षे नोकरी केली आणि मागच्या वर्षी दोन मैत्रिणींबरोबर ती सोडून स्वतःचे स्टार्टअप काढले. हा शब्द काही वाचकांना नवा असेल. नवी कल्पना, नवे तंत्रज्ञान, हाताशी थोडेसे भांडवल आणि लवकर मोठे होण्याची घाई, अशा धंद्याला हल्ली स्टार्टअप म्हणतात. या तिघींनी मोबाईलवर चालणारे एक अ‍ॅप केले. कापसाचा बाजारभाव, हवामान, कोणती फवारणी केव्हा करावी, असे सगळे त्यात आहे. नऊ महिने खपून केले. लोकांनी मोबाईलवर घेतले, दोनदा उघडले आणि विसरले. आता पुण्याचा एक गुंतवणूकदार म्हणतो की, सल्ल्याच्या खाली बी-बियाणे आणि कीटकनाशकांचे दुकान जोडा, मी पैसे घालतो. एक मैत्रीण तयार आहे, दुसरी गप्प आहे. हिच्या जवळचे पैसे दिवाळीपर्यंत पुरतील. धाकट्या भावाची फी भरायची आहे.

गणपतीच्या सुट्टीत ती गावी गेली आणि आईला ते अ‍ॅप दाखवले. आईने बोट लावून चित्रे पाहिली आणि विचारले, "ह्यात माहं काय हाये?"

आईच्या नावावर जमीन नाही. ती वीस वर्षे ऊसतोडीला जाते.

मुलीने मला दोन प्रश्न विचारले आहेत. उद्देश कसा सापडतो? आणि काय बनवायचे, काय टाकून द्यायचे, हे कशावरून ठरवायचे? पत्राच्या तिसऱ्या पानावर तिने जाता जाता एक वाक्य लिहिले आहे. सहावीत असताना एका हंगामात ती शाळा बुडवून आईबरोबर फडावर गेली होती. टोळीत लिहिता येणारी तीच एक, म्हणून रोजचा हिशेब वहीत लिहीत असे. हंगाम संपताना तो मुकादमाच्या वहीशी जुळला नाही, आणि हिची वही चुलीत गेली. एवढे लिहून ती पुन्हा गुंतवणूकदाराकडे वळली आहे. मी मात्र त्या वाक्यापाशीच थांबलो.

बाळ, मी आयुष्य बँकेच्या काउंटरमागे काढले. स्टार्टअपमधले मला काय कळणार, असे तुला वाटले असते तर तू लिहिले नसतेस. तेव्हा आधी माझी फजिती ऐक. १९९७-९८ च्या सुमारास आम्ही चार नोकरदारांनी वर्गणी काढून वस्तीत संगणक वर्ग उघडला होता. चार संगणक घेतले, भिंतीला रंग दिला, बाबासाहेबांचा फोटो लावला. डॉस शिकवले, वर्डस्टार शिकवले. आमच्या मनात 'संगणक साक्षरता' होती. पोरांना हवे होते टंकलेखनाचे सरकारी प्रमाणपत्र, कारण लिपिकाच्या जागेला मराठी मिनिटाला तीस आणि इंग्रजी चाळीस शब्दांची अट होती. त्यांनी ते आम्हाला तीन वेळा सांगितले. आम्ही तीन वेळा समजावले की, बाळांनो, टाईपरायटरचा जमाना गेला. जमाना गेला होता हे खरे, पण जाहिरातीतली अट गेली नव्हती. वर्षभरात वर्ग बंद पडला. संगणक मात्र चांगले होते.

उद्देश आधी ध्यानात यावा आणि मग काम सुरू व्हावे, असे फारसे घडत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे पाहा. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधली नोकरी सोडून ते बेळगावात आले ते सायकली विकायला. पुढे कडबा कापण्याचे यंत्र केले, मग लोखंडी नांगर. शेतकरी म्हणत, लोखंडाने जमीन विषारी होते. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली असे सांगतात. औंध संस्थानाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली ती १९१० मध्ये. सायकलीपासून नांगरापर्यंतचा रस्ता कोणी आधी आखला नव्हता. परदेशातही तेच. अमेरिका-कॅनडाच्या काही मंडळींनी 'ग्लिच' नावाचा खेळ केला होता, तो २०१२ मध्ये गुंडाळावा लागला. खेळ करताना आपापसात निरोप धाडायला त्यांनी घरच्या घरी जे साधन केले होते, तेच पुढे 'स्लॅक' म्हणून जगभरच्या कचेऱ्यांत गेले. जे स्वतःच्या गरजेपोटी केले ते चालले, आणि जे लोकांना आवडेल म्हणून केले ते पडले. तुझ्या बाबतीत अ‍ॅप लोकांसाठी होते आणि वही गरजेपोटी होती.

आता आपल्याच जिल्ह्याकडे ये. जालना म्हटले की पोलाद आणि बियाणे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला बद्रीनारायण बारवाले यांनी दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेचे 'पुसा सावनी' हे भेंडीचे बियाणे आणून आपल्या शेतात लावले. भेंडीवर केवडा पडला की पाने पिवळी होतात आणि पीक हातचे जाते. हे वाण त्या काळी केवड्यापुढे टिकत होते. लोक बियाणे मागायला लागले. त्यातून १९६४ मध्ये महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजे महिको, उभी राहिली. संकरित ज्वारी-बाजरीचे बियाणे तिने लहान-लहान शेतकऱ्यांकडून करारावर पिकवून घेतले. १९९८ मध्ये बारवाल्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्या काळी स्टार्टअप हा शब्द नव्हता, पण गोष्ट तीच आहे: प्रयोगशाळेतले ज्ञान आणि बांधावरची गरज यांच्यामध्ये एक विश्वासाची पिशवी.

गोष्टीचा पुढचा भागही सांगितला पाहिजे, कारण तुझा दुसरा प्रश्न त्यात आहे. २००२ मध्ये महिको आणि अमेरिकेच्या मोन्सॅन्टोच्या भागीदारीतून बीटी कापूस बाजारात आला. बोंडअळीला मारणारा गुण झाडाच्या अंगातच घातला होता. पहिली वर्षे फवारण्या कमी झाल्या, हे मी कर्जदारांच्या तोंडून ऐकले आहे. पण हा गुण सरळ वाणात द्यावा की संकरित वाणात, हाही एक निर्णय होता. भारतात तो जवळजवळ सगळा संकरित वाणांतच आला. संकरिताचे बी शेतकऱ्याला घरी राखता येत नाही, दरवर्षी पाकीट घ्यावे लागते. त्यात कापूस लांब मुदतीचा, म्हणजे शेंदरी बोंडअळीला जास्त दिवस घर मिळाले. २०१७ मध्ये मराठवाडा-विदर्भात त्या अळीने काय केले, ते घनसावंगी तालुक्यातल्या कोणालाही विचार. तज्ज्ञांत याच्या कारणांवर वाद आहेत, आणि ते असू देत. मला एवढेच दाखवायचे आहे की तंत्रज्ञान तेच असले तरी ते कोणत्या रूपात द्यायचे हे ठरवताना कंपनीची सोय आणि शेतकऱ्याची सोय एकाच पारड्यात बसत नाहीत. आणि कपाशीचे संकरित बी फूल-फूल धरून हाताने तयार होते. ते हात बहुतेक बायामुलींचे. त्या पाकिटावर कुठे नसतात.

गुंतवणूकदाराच्या दुकानाकडे याच डोळ्यांनी पाहा. अ‍ॅप फवारणीचा सल्ला देणार आणि तेच अ‍ॅप औषध विकणार. ज्या आठवड्यात फवारणीची गरज नाही, त्या आठवड्यात ते काय सांगेल? 'या आठवड्यात काही मारू नका' असे सांगणारी ओळ तुम्ही तिघी ठेवाल का, आणि विक्री घटली तर किती दिवस ठेवू शकाल? मैत्रिणींना हा एकच प्रश्न विचार. दुकान वाईटच असते असे माझे म्हणणे नाही. कृषी सेवा केंद्रवाल्याचेही पोट असते. पण त्याच्या पाटीवर 'दुकान' लिहिलेले असते, 'सल्ला' नव्हे.

दुसरी गोष्ट, 'शेतकऱ्यांसाठी' हा शब्द. या शब्दात सात-बारा असलेला माणूस येतो. ज्याच्या नावावर जमीन नाही, जो कपाशी वेचतो, ऊस तोडतो, तो या शब्दाच्या बाहेर उभा राहतो, आणि आपल्या वस्तीतले बहुतेक लोक तिथेच उभे आहेत. तू इंजिनिअर होऊन त्याच शब्दाने विचार करू लागलीस याचे मला नवल वाटत नाही. सगळी अ‍ॅपे, सगळ्या योजना तोच शब्द वापरतात.

बाबासाहेबांचा १९१८ चा एक निबंध आहे, 'स्मॉल होल्डिंग्ज इन इंडिया अँड देअर रेमेडीज'. तेव्हा त्यांचे वय जेमतेम सत्तावीस. त्या काळचे जाणकार म्हणत होते की भारतातली शेते लहान आणि विखुरलेली आहेत, ती एकत्र करून मोठी करा म्हणजे शेती सुधारेल. बाबासाहेबांनी विचारले, शेत लहान की मोठे हे एकरांवरून ठरते का? ते ठरते बैल, अवजारे, भांडवल आणि राबणारे हात यांच्या प्रमाणावरून. अवजारे आणि भांडवल आहे त्याच जमिनीला पुरत नाही, मग शेत नुसते मोठे करून काय साधणार? जमिनीवर गरजेपेक्षा जास्त माणसे अडकून पडली आहेत, हा खरा रोग. उद्योग वाढवून त्यांना बाहेर काढणे, हे औषध. निबंध अर्थशास्त्राचा आहे, पण मला तो वस्तू घडवणाऱ्यांच्या कामाचा वाटतो. सगळे ज्याला रोग म्हणतात त्याला आपणही रोग म्हणायचे, आणि मग सुंदर औषध करत बसायचे, ही चूक शिकलेल्या माणसाकडूनच जास्त होते. कापूसवाल्याला भाव कळत नाही, हा रोग आहे असे तुम्ही तिघींनी धरले. भाव त्याला कळतो, बाळ. व्यापाऱ्याची उचल आधीच घेतलेली असते, म्हणून भाव कळूनही तो थांबू शकत नाही.

आता वहीकडे येऊ. ज्या वाचकांच्या घरी कोयता नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्याला अर्धा कोयता म्हणतात. दसऱ्याच्या आसपास मुकादम उचल देतो, म्हणजे हंगामाची मजुरी आगाऊ. मग टोळी पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडावर जाते, कोपीत राहते, आणि तोडलेल्या टनांवर ती उचल फेडते. आजारपणाने एक दिवस गेला की खाडा लागतो. वजन कारखान्याच्या काट्यावर होते, पावती मुकादमाकडे जाते. कारखान्याचे पैसेही त्याच्याच हातून येतात. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, तेव्हा वर्तमानपत्रांत मोठे मथळे आले. पण ती वाढ तुझ्या आईपर्यंत पोहोचली की नाही हे ज्या वहीत कळते, ती वही मुकादमाच्या पिशवीत असते. हंगाम संपून टोळी परत येते, वस्तीत भीमजयंतीची तयारी चाललेली असते, आणि तेव्हा कळते की अंगावर अजून बाकी आहे. ती बाकी पुढच्या सालावर जाते.

म्हणजे जे तू सहावीत करत होतीस, तेच अजून कोणी केलेले नाही असे समजून चाल. ते अ‍ॅप होईल की नाही, मला माहीत नाही. पण व्हायचे असेल तर त्यात काय नसावे, याची यादी आधी कर. ती करताना पुण्यात बसू नकोस, आईजवळ बस. फडात रेंज नसते, म्हणून इंटरनेटवाचून चालले पाहिजे. कोपीत वीज नसते आणि मोबाईल शेजारच्या वस्तीवर पैसे देऊन चार्ज करावा लागतो, म्हणून बॅटरी खाणारे काही नको. मोबाईल घरात एक, आणि तो पुरुषाच्या खिशात. तेव्हा मालकीणबाई कोण, हे आधी ठरव. आईला अक्षर येत नाही, आकडा येतो; नोटा मोजणारी बाई आकड्यात चुकत नाही. पासवर्ड नको. नोंदी तीनच: आज किती मोळ्या किंवा किती टन, किती उचल घेतली, आणि खाडा लागला का. हवामान, बाजारभाव, सुविचार, सणाच्या शुभेच्छा, यांतले काहीही नको. नऊ महिन्यांत केलेल्यापैकी बरेच काढून टाकावे लागेल, आणि मैत्रिणींना ते सर्वांत जास्त दुखेल. केलेले टाकणे हे नवे करण्यापेक्षा अवघड असते. मला तर वर्डस्टारची पुस्तके रद्दीत घालायला सहा वर्षे लागली.

खरी अडचण पुढे आहे, आणि ती तंत्रज्ञानाची नाही. याचे पैसे कोण देणार? मजूर देऊ शकत नाही. मुकादम देईल, आनंदाने देईल. पण तो पहिल्याच महिन्यात म्हणेल, कोणता कोयता उचल घेऊन पळाला त्याची यादी यात घाला, म्हणजे दुसरा मुकादम त्याला घेणार नाही. मागणी साधी दिसते. उचल बुडवून जाणारेही असतात, आणि त्यात मुकादम स्वतः कर्जात बुडाल्याची उदाहरणे मी बँकेत पाहिली आहेत. त्याला उगाच राक्षस करू नये. पण ती यादी घातल्या क्षणी तुझी वही पुन्हा त्याच्या पिशवीत गेली, आणि या वेळी तूच नेऊन दिलीस. कारखाना पैसे देईल का? एखादी मजूर संघटना? ऊसतोड कामगारांसाठी राज्यात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याणकारी महामंडळ आहे, तिथे विचारता येईल. उत्तर काय येईल ते मला सांगता येत नाही. मात्र जो पैसे देईल त्याला कोणती गोष्ट कधीच करून देणार नाही, हे तुम्ही तिघींनी पैसे यायच्या आधी कागदावर लिहून सह्या करा. पैसे आल्यावर तो कागद लिहिला जात नाही.

आणखी एक भीती. टोळी स्वतःचा हिशेब ठेवते असे मुकादमाला कळले, तर पुढच्या साली त्या घराला उचल मिळणार नाही. तुझ्या शिक्षणाच्या उत्साहाची किंमत तुझ्या आईने भरायची, असे होता कामा नये. म्हणून कोणाला दाखवायचे, केव्हा दाखवायचे, हे तू ठरवू नकोस. टोळीतल्या बायांना ठरवू दे. त्या 'नको' म्हणाल्या तर ते उत्तर धर, समजावत बसू नकोस. आम्ही पोरांना तीन वेळा समजावले होते.

नोकरीबद्दल विचारले नाहीस, तरी सांगतो. भावाची फी भरायची आहे. तेव्हा सहा महिन्यांसाठी नोकरी धरलीस तर कोणी हसणार नाही, आणि हसले तर हसू दे. आपल्याकडे घरातला एक शिकतो तेव्हा त्याच्या मागे चार माणसे थांबलेली असतात. स्टार्टअपच्या पुस्तकांत हे लिहिलेले नसते, कारण ती लिहिणाऱ्यांच्या घरी बहुधा कोणी थांबलेले नसते. गुंतवणूकदाराला दिवाळीपर्यंत थांब म्हण. थांबला नाही तर त्याला दुसरे कोणी भेटेल.

दसऱ्याला अजून काही आठवडे आहेत. दीक्षाभूमीवरून माणसे परतली की टोळ्या निघतील. तोवर मोबाईलला हात लावू नकोस. एका टोळीची, तुझ्या आईच्याच टोळीची, या हंगामाची वही कागदावर ठेव. रोज संध्याकाळी आईने फोन करून तीन आकडे सांगायचे, तू ते लिहायचे, बस्स. पंधरा दिवसांनी आई फोन करायची थांबली, तर का थांबली ते विचार. तुझ्या सगळ्या प्रश्नांत मला त्याच उत्तराची उत्सुकता आहे. वही शंभर पानी घे, दोनशे पानी शिवणीत उसवते. आणि या खेपेला दोन ठेव, एक आईच्या गाठोड्यात आणि एक तुझ्याकडे. एप्रिलमध्ये टोळी परतली की दोन्ही घेऊन जालन्याला ये. बेरजा मी तपासून देईन. काउंटर सुटले तरी ती खोड सुटलेली नाही.